सीटमधलं ताक

त्या वर्षी आमच्या घरात दोनच गोष्टी नव्या होत्या. माझं कॉलेज आणि बाबांची ड्रायव्हरकी. दोन्ही गोष्टी आमच्या खानदानात आधी कुणी केल्या नव्हत्या, त्यामुळे चुकलं तर दोघांनाही सांगणारं कुणी नव्हतं. मी खामगावला बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते आणि वर्गात प्रश्न विचारायला घाबरायचे. बाबा गाडी मागे घ्यायला घाबरायचे. त्यामुळे आमचं दोघांचं बरं जमायचं.

बाबांना ड्रायव्हर व्हायचं नव्हतं. कपाशीनं त्यांना ड्रायव्हर केलं. बियाण्याच्या पाकिटावर अळीचं चित्र होतं आणि त्या चित्रावर लाल फुली होती. पण अळीला काही वाचता येत नव्हतं. दिवाळीनंतर बोंड फोडावं तर आत गुलाबी अळी आरामात बसलेली. जो थोडा कापूस हाती आला तो बाबांनी विकला नाही. भाव वाढेल म्हणून मागच्या खोलीत भरून ठेवला. खोली छतापर्यंत भरली आणि आमची गोधड्यांची पेटी, आईची शिलाई मशीन आणि मी, सगळे पुढच्या खोलीत आलो.

गाडी चाचांची होती. चाचा म्हणजे अमडापूरच्या बाजारातले गादीवाले. सगळं गाव त्यांना चाचाच म्हणायचं, त्यांच्याच वयाचे माझे बाबासुद्धा. चाचांच्या घरी तीन पिढ्या कापूस पिंजायचं आणि गाद्या-रजया भरायचं काम. मुलासाठी म्हणून त्यांनी एक जुनी सात सीटची गाडी घेतली होती, पण मुलगा पुण्याला कामाला गेला आणि गाडी दुकानामागच्या शेडमध्ये उभी राहिली. कोंबड्या तिच्याखाली अंडी द्यायला लागल्यावर चाचांनी बाबांना बोलावलं. बाबांना ट्रॅक्टर चालवता यायचा. लायसन काढलं. दर गुरुवारी शेगावला दर्शनाची सवारी न्यायची, बाकी दिवशी कुणाचं दवाखान्याचं, कुणाचं लग्नाचं काम.

चाचांनी बाबांना चावी देताना एकच अट घातली. गाडीत खाणं-पिणं नाही. फुटाणेसुद्धा नाही. कारण गाडीच्या सगळ्या सीटा चाचांनी स्वतः उसवून नव्यानं भरल्या होत्या. गाड्या बनवणाऱ्यांना इंजिन कळतं, बसणं कळत नाही, असं त्यांचं मत होतं. वरून मेंदी रंगाचं मखमली कापड, चौकोनी टाके, कडेला दोरीची किनार. त्या सीटवर बसलं की पाहुण्यांच्या घरी दिवाणावर बसल्यासारखं वाटायचं.

बाबा गुरुवारी पांढरा शर्ट घालायचे. त्या आधी तो शर्ट फक्त लग्नाला निघायचा. गावात कुणी त्यांना "काय ड्रायव्हर साहेब" म्हणालं की ते मान खाली घालून हसायचे आणि घरी आल्यावर आईला ते सहज सांगितल्यासारखं सांगायचे. आई म्हणायची, "हाव, मले माहीत आहे. कालही सांगितलं तुम्ही." सकाळी उठून शेताच्या रस्त्याकडे न बघता गाडीच्या काचा पुसणारे बाबा मला नवीन होते. मला ते आवडायचे.

आता चूक माझी कशी, ते सांगते. आमचे रसायनशास्त्राचे सर एकदा प्रॅक्टिकल संपल्यावर हात धुताना म्हणाले होते, ऊन वाढलं की गावच्या ताकाची आठवण येते. ते कुणालाच उद्देशून बोलले नव्हते. पण मी वर्गात पुढे बसणारी, सरांचं प्रत्येक वाक्य वहीत उतरवणारी मुलगी. ते वाक्य मी वहीत लिहिलं नाही, एवढंच. घरी येऊन आईला सांगितलं की सरांनी ताक मागितलं आहे.

आईनं शनिवारी पहाटे ताक घुसळलं. सर एवढे मोठे, त्यांना लोटाभर काय द्यायचं, म्हणून तेलाची पाच लिटरची प्लास्टिकची कॅन घासून तोंडापर्यंत भरली. त्या दिवशी बाबांना खामगावला टायरमध्ये काहीतरी बघून घ्यायचं होतं. म्हणाले, चल, तुले सोडून देतो. कॅन पाहून ते जरा थांबले.

"बाई, चाचाची अट आहे."

"खायचं कुठं आहे," मी म्हणाले, "न्यायचं आहे."

हे उत्तर मला तेव्हा फार हुशारीचं वाटलं होतं. बाबांनाही वाटलं असावं, कारण त्यांनी मधलं दार उघडून दिलं. माझ्या शिक्षणापुढे ते एरवीही वाद घालायचे नाहीत. कॅन मधल्या सीटवर ठेवली आणि मी पुढे बसले. उन्हानं आणि हादऱ्यांनी ताक आतून फुगत होतं, ते आम्हा दोघांनाही कळलं नाही. वाटेत एक गतिरोधक आला, त्याच्या आधी पाटी नव्हती. गाडी उडाली आणि मागून फट् असा आवाज आला. मी वळून पाहिलं तर कॅन आडवी झालेली, झाकण कुठं गेलं ते दिसत नव्हतं, आणि ताक मेंदी मखमलीत शिरत होतं, जणू त्याला तिथंच जायचं होतं.

बाबांनी गाडी बाजूला घेतली. दोघं खाली उतरून उघड्या दारातून बघत उभे राहिलो.

"किती राह्यलं?" बाबांनी विचारलं.

मी कॅन हलवली. "पेलाभर."

"सरले पेलाभर चालते का?"

मी नाही म्हणाले. त्या दिवशी मी कॉलेजला गेलेच नाही. आम्ही गाडी वळवली आणि गावाबाहेरच्या हातपंपावर सीटवर दोन बादल्या पाणी ओतलं. आज कळतं की आम्ही ताकाला अजून खोल जायला मदत केली. तेव्हा दोघांनाही वाटलं की काम झालं. चाचा त्या आठवड्यात अकोल्याला मुलीकडे गेले होते. ते मंगळवारी संध्याकाळी येणार होते, आणि गुरुवारी शेगावची सवारी ठरलेली होती. मध्ये तीन दिवस. सीट वाळायला तीन दिवस पुष्कळ, असं बाबा म्हणाले. मग म्हणाले, "चाचाले सांगायची गरज नाही. उगाच त्याच्या जिवाले."

चाचांच्या जिवाचं निमित्त होतं. चावीचं भय होतं, हे मला त्यांच्या आवाजातच कळलं. मीही मान हलवली.

रविवारी सकाळी गाडीचं दार उघडलं आणि दोघंही एक पाऊल मागे सरलो. तो ताकाचा वास नव्हता. ताक बिचारं सभ्य असतं. हा वास गोठ्यात विसरलेल्या दह्याचा, ओल्या घोंगडीचा, आणि त्यात कुणाच्या तरी पायमोज्यांचाही होता. बाबांनी दार हळूच लावलं. वास जागा होईल असं त्यांना वाटलं असावं.

आई ओसरीत भाजी निवडत होती. बाबा तिला न विचारता माझ्याकडे बघून म्हणाले, "तू केमेस्ट्री शिकून राह्यली ना. सांग आता."

मला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्या विषयातला खरा प्रश्न विचारला होता. आणि मला उत्तर येत नव्हतं. पण येत नाही म्हणायचं धाडस झालं नाही. फी बाबा भरत होते.

मी कपड्याची पावडर आणि लिंबू सांगितलं. आम्ही बारा लिंबं पिळली. ब्रशनं मखमल घासली, फेस काढला, पुन्हा घासली. संध्याकाळी दार उघडलं. आई कमरेवर हात ठेवून वाकली, वास घेतला आणि म्हणाली, "चांगलं झालं. आता जिरं टाका म्हणजे मठ्ठा झाला."

"तू जाय वो आत," बाबा म्हणाले.

"जाते न. पण मडक्यातलं ताक सांडलं तर मी मडकं धुते का चूल धुते?" असं म्हणून ती आत गेली. आम्ही दोघांनी त्या वाक्याकडे दुर्लक्ष केलं. गाडीचा प्रश्न होता, मडक्याचा नव्हता, आणि आम्ही शिकलेले होतो. म्हणजे मी शिकलेली होते, आणि बाबा लायसनवाले.

सोमवारी मी रात्रभर विचार करून एक उत्तर आणलं. ताक आंबट, म्हणजे त्यात आम्ल. खायचा सोडा त्याच्या उलट. मी वहीच्या मागच्या पानावर समीकरण लिहिलं आणि बाबांना दाखवलं. त्यांनी वही दोन्ही हातांनी धरली, डावीकडून उजवीकडे बघितली, बाणाच्या खुणेजवळ थांबले आणि म्हणाले, "हे इकडून तिकडे चाललं, असं ना?" मी हो म्हणाले. ते मान हलवत किराणा दुकानात गेले आणि दुकानातला होता तेवढा सोडा घेऊन आले. दुकानदारानं विचारलं, भजे तळून राह्यले का गावजेवणाले. बाबांनी त्याला काय सांगितलं ते मला सांगितलं नाही.

सोडा टाकला, वर थोडं पाणी शिंपडलं. सीट बारीक आवाजात फसफसली. बाबा कान लावून ऐकत होते. त्यांच्या चेहऱ्यावर एवढं कौतुक होतं की मला लाज वाटली. दुपारपर्यंत वास खरंच गेला. मी समीकरणाखाली दोन रेघा मारल्या. चार वाजता ऊन तापल्यावर बंद गाडीचं दार उघडलं, तर तो परत आला होता. थोडा दमलेला होता, पण तोच होता.

मग बाबांनी त्यांच्या पद्धतीनं उपाय केला. कापूर, धूप, उदबत्तीचे दोन पुडे. काचा बंद करून गाडी आतून धुरानं भरली. वाटेनं जाणारा एक म्हातारा थांबला आणि म्हणाला, "गाडीले नजर लागली काय?" बाबा म्हणाले, हाव. धूर निघून गेल्यावर आत एखाद्या देवळात नैवेद्याचं दही आठवडाभर राहून गेल्यासारखं झालं होतं.

त्या संध्याकाळी बाबा जेवले नाहीत. म्हणजे बसले होते ताटावर, पण भाकरी मोडून तशीच ठेवली. आई म्हणाली, "सांगून द्या चाचाले. माणूस चांगला आहे."

"चांगला आहे म्हणूनच त्यानं गाडी देली," बाबा म्हणाले. "त्याची एकच अट होती. ते एक मले पाळता नाही आलं, असं सांगू का?"

आईनं माझ्याकडे बघितलं. मी ताटाकडे बघितलं. मला वाटलं, मी म्हणावं की अट मी मोडली. पण ते आमच्या घरात सगळ्यांना माहीतच होतं, आणि माहीत असलेलं बोलायला मला नेहमीच जड जातं.

मंगळवारी सकाळी बाबांना सुचलं. त्यांनी मागच्या खोलीचं दार उघडलं आणि भरलेल्या कापसाकडे बोट दाखवलं. "कापूस वास ओढते," ते म्हणाले. "माझा बाप घासलेटच्या डब्याजवळ कापूस ठेवू देत नव्हता. पूर्ण गंजीले वास लागते म्हणे."

मी उडालेच. हे तर पुस्तकात होतं. पृष्ठभागावर वायू धरून ठेवणं, त्याला अधिशोषण म्हणतात, मी बाबांना सांगितलं. बाबांनी तो शब्द दोनदा म्हणून पाहिला आणि दुसऱ्यांदा सोडून दिला. पण त्यांना आनंद झाला. त्यांच्या बापाचं आणि माझ्या पुस्तकाचं एक मत झालेलं त्यांनी पहिल्यांदा पाहिलं होतं.

आम्ही टोपल्यांनी कापूस वाहिला. सीटांवर, सीटांखाली, पायाजवळ, डिकीत, काचांपर्यंत. बाबांनी शेवटची टोपली दाबून दार लावलं आणि गाडी उन्हात उभी केली. बाहेरून बघितलं तर काचांच्या आत पांढरा ढग भरल्यासारखं दिसत होतं. ज्या कापसाला बाजारात कुणी विचारत नव्हतं तो पहिल्यांदा काहीतरी कामाला आला, असं बाबा म्हणाले. चेष्टेनंच म्हणाले, पण दिवसभर ते शिट्टी वाजवत होते.

इथं एक गोष्ट सांगायची राहिली आहे, आणि ती सांगायची राहिली कारण आम्हाला ती गोष्टच वाटत नव्हती. साठवलेला कापूस घरात असला की त्या वर्षी अंगाला खाज सुटायची. अळीच्या कापसात डोळ्याला न दिसणारी बारीक कीड असते, ती चावते, असं लोक म्हणायचे. आमच्या घरी दीड महिन्यापासून तिघंही खाजवत होतो. आई पोळ्या लाटताना कोपरानं बरगडी खाजवायची. मी अभ्यास करताना पट्टीनं पाठ. बाबा दाराच्या चौकटीला पाठ घासत उभे राहून गावच्या गप्पा मारायचे. शेजारीही तसेच, कारण त्यांच्याही घरी कापूस. सगळंच गाव खाजवत असलं की खाज लक्षात राहत नाही. तिची सवय होऊन जाते, जशी चष्म्याची होते.

संध्याकाळी पाच वाजता आम्ही गाडी रिकामी केली. झाडणीनं झाडलं, ओल्या फडक्यानं पुसलं. बाबा आत बसले, डोळे मिटून मोठा श्वास घेतला. पुन्हा एकदा घेतला. मग म्हणाले, "ये, बस."

मी बसले. वास नव्हता. अगदी नाक सीटला लावलं तर काहीतरी लांबून आल्यासारखं वाटायचं. पण सीटला नाक लावून शेगावला कोण जातं.

सहाच्या एसटीनं चाचा येणार होते. बाबांनी पांढरा शर्ट घातला, मंगळवार असूनही, आणि मला म्हणाले, तूही चल. का, ते मी विचारलं नाही. चाचा स्टँडवर हातात पिशवी घेऊन उभे होते. गाडी पाहून त्यांना बरं वाटलं. पुढे न बसता ते मुद्दाम मधल्या सीटवर बसले. त्यांना स्वतःच्या सीटांवर बसायला आवडायचं.

"पोरगी कशी आहे अकोल्याची?" बाबांनी आरशात बघत विचारलं.

"मजेत आहे. जावई जरा कंजूस आहे. ठीक आहे." चाचांनी नाकानं श्वास घेतला. "खुशबू कायची येऊन राह्यली रे भाऊ?"

"धूप लावला होता," बाबा म्हणाले. "गुरुवारची सवारी आहे न."

"अच्छा."

मी पुढच्या सीटवरून समोर बघत होते. गाडी बाजाराच्या वळणाला आली तेव्हा मागून कापडावर नख घासल्याचा आवाज आला. मग पुन्हा. मी हळूच वळले. चाचांनी बाही वर केली होती आणि मनगट खाजवत होते. मग मान. मग त्यांनी पाठ सीटला टेकवली आणि लगेच उचलली.

"काही चावलं काय चाचा?" मी विचारलं.

 सीटच्या कडेच्या दोरीखालून त्यांनी दोन बोटांनी काहीतरी ओढून काढलं. कापसाचा एक लहानसा पुंजका होता, आत सरकी. त्यांनी तो चिमटीत धरून मळला, तंतू ओढून बघितला, नाकाजवळ नेला. जन्मभर त्या माणसानं कापूसच हाताळला होता. त्यांचं तोंड मला आमच्या सरांसारखं दिसायला लागलं, कुणाचं चुकलेलं निरीक्षण वाचताना दिसायचं तसं.

"भाऊ," ते म्हणाले, "हे तुमच्या घरचं आहे. मार्गशीर्षातलं वेचलेलं. तीन महिने झाले घरात ठेवून."

 गाडीचा वेग कमी झाला.

"माझ्या गाडीत कापूस काऊन भरला?"

"नाही, म्हणजे..." बाबा म्हणाले.

"कापूस भरला म्हणजे ओल होती. ओल होती म्हणजे काही सांडलं. बरोबर?"

गाडी चाचांच्या दुकानासमोर थांबली होती. बाबांनी हँडब्रेक ओढला आणि दोन्ही हात स्टिअरिंगवरच ठेवले. त्या वेळी मी बोलले. मला वाटतं, आयुष्यात न विचारता मी पहिल्यांदाच बोलले.

"ताक," मी म्हणाले. "पाच लिटर. मी आणलं होतं. बाबा नाही म्हणत होते."

"नाही म्हटलं नव्हतं मी," बाबा हळू म्हणाले.

चाचांनी खाजवणं थांबवलं. "मधल्या सीटवर?"

"हाव."

"माझ्या हातच्या सीटवर पाच लिटर ताक," चाचा म्हणाले, जणू कुणाच्या मयताची बातमी नीट ऐकली की नाही ते तपासत होते. मग त्यांनी हात पुढे केला. "चावी दे."

बाबांनी चावी काढून दिली. चाचा खाली उतरले, पिशवी घेतली आणि खाजवत दुकानात गेले. पायरीवरून वळून म्हणाले, "सकाळी सहाले या. दोघंही."

आम्ही पायी घरी आलो. बाबांनी वाटेत माझ्यावर काही राग काढला नाही. मला तो काढलेला बरा वाटला असता.

बुधवारी सकाळी गेलो तर चाचांनी मधली सीट आधीच काढून दुकानाच्या ओट्यावर ठेवली होती. शेजारी सुया, कात्री, मोठी परात आणि सिरक्याची, म्हणजे व्हिनेगरची, बाटली. त्यांनी माझ्यापुढे कात्री ठेवली. "टाके उसव, बेटा. कापड फाडू नको."

मी उसवायला लागले. टाके बारीक आणि सारखे होते. कापड बाजूला झालं आणि आतला फोम बाहेर आला, तेव्हा तिघांनीही तोंड फिरवलं. वरचा थर कोरडा होता. खाली फोम ओला, पिवळट, दाबला की पाझरत होता. तीन दिवस आम्ही कापड घासलं, कापडाला सोडा लावला, कापडाला धूप दाखवला. ताक सगळं खाली होतं. चाचांनी गाडीच्या तळाचं पायपुसणंही उचललं. त्याच्या खालचा नमद्याचा जाड थर दह्याच्या फडक्यासारखा जड झाला होता. तो त्यांनी काठीनं उचलून उकिरड्यावर टाकला.

"गादीवर लेकरू मुतलं तर कोणी चादर धुऊन सोडते का?" चाचा म्हणाले.

मला आईचं मडकं आठवलं. मी ते चाचांना सांगितलं नाही. आईलाही अजून सांगितलेलं नाही.

गरम पाण्यात सिरका टाकून आम्ही फोम बुडवायचो, दोघांनी दोन टोकं धरून पिळायचो, पुन्हा बुडवायचो. पाणी आधी दुधी निघालं, मग राखाडी, मग साधं. मखमल उकळत्या पाण्यात बुचकळली, कापसातली कीड मरावी म्हणून. मेंदी रंग जरा उतरला. चाचांनी ते बघितलं आणि एकदाच च्यक् केलं. फोम पत्र्यावर टाकला. आता राहिली गाडी. ती बाकीच्या सीटांसकट आतून कपड्यानं, मग सिरक्यानं, मग परत कपड्यानं पुसली, चारही दारं सताड उघडून.

काम करता करता चाचा बाबांना म्हणाले, "मले शनिवारीच फोन लावला असता, तर मी दुसऱ्या दिवशी आलो असतो. अर्ध्या दिवसाचं काम होतं. जावयाच्या घरून निघायले मले बहाणाच पाहिजे होता. काऊन नाही सांगितलं?"

बाबा पिळता पिळता थांबले. "चावी जाईन म्हणून."

"चावीत काय आहे?"

 मला वाटलं बाबा हसून सोडून देतील, ते नेहमी तसंच करतात. "शेतात मी काय चालवतो चाचा," ते म्हणाले. "बी कोणतं लावायचं ते दुकानदार सांगते. फवारा कधी मारायचा ते अळी सांगते. विकायचं कधी ते व्यापारी. ही गाडी मी डावीकडे वळवली की डावीकडे वळते."

चाचांनी फोमचं त्यांच्याकडचं टोक घट्ट धरलं होतं. ते म्हणाले, "पीळ. पाणी आहे अजून." दोघांनी पिळलं.

मार्चचं ऊन होतं, पण एवढा जाड फोम एका दिवसात वाळला नाही. चाचांनी तो तसाच पत्र्यावर राहू दिला आणि संध्याकाळपर्यंत सीटच्या मापाची एक गादी भरली. नवा पिंजलेला कापूस, त्यांच्या दुकानातला. वर वाळलेली, जरा फिकी झालेली मखमल ताणून शिवली. बाबांनी सुई ओवून दिली, दोनदा. तिसऱ्यांदा चाचा म्हणाले, राहू दे, तुझ्यानं ओवते तवर उन्हाळा संपन.

गुरुवारी सकाळी सवारी सातला निघायची होती. बाबांनी पांढरा शर्ट घातला, पण घरून निघताना बटणं लावली नव्हती. लावावीत की नाही ते ठरत नव्हतं, असं मला वाटलं. खामगाव वाटेतच होतं, म्हणून मीही कॉलेजची पिशवी घेऊन गेले. गाडी दुकानासमोर उभी होती आणि चाचा तिच्याजवळ उभे होते. चावी त्यांच्या हातात होती.

"थांबा," ते म्हणाले. ते आत जाऊन मधल्या सीटवर बसले. गादीमुळे बोटभर उंच झाले होते, डोकं जवळजवळ छताला लागत होतं. दोन्ही बाह्या कोपरापर्यंत वर केल्या. समोरच्या टपरीवाल्याला हात केला आणि एक चहा मागवला, पण तो बाहेर ठेवायला सांगितला.

"चहा थंडा होईपर्यंत बसतो," चाचा म्हणाले. "खाज आली तर आली."

आम्ही दाराशी उभे राहिलो. शेगावला जाणारी माणसं, एक कुटुंब, थोडं लांब थांबली होती. आजी म्हणाल्या, "गाडी बिगडली काय?"  मी चाचांच्या हातांकडे बघत होते. बाबा चहाच्या कपाकडे. चाचांनी नाकानं मोठा श्वास घेतला, सोडला. पुन्हा घेतला. कपातली वाफ बारीक झाली. मध्येच त्यांचा उजवा हात उठला आणि कानामागे गेला. बाबांचा चेहरा पडला.

"मच्छर," चाचा म्हणाले, आणि हात खाली घेतला.

चहावर साय धरली तेव्हा ते उतरले. तो थंड चहा त्यांनी उभ्याउभ्या पिऊन टाकला, वाया घालवायचा नाही म्हणून. मग चावी बाबांच्या हातावर ठेवली.

"एक गोष्ट," ते म्हणाले. "तुमच्या घरात तो कापूस आहे तवर ही गाडी तुमच्या दारात नाही उभी राह्यची. इथं लावायची, पायी घरी जायचं. आणि गाडीत बसायच्या आधी आंघोळ करायची, माझ्या मोरीत. साबण मी देईन."

"हाव," बाबा म्हणाले.

"कापूस आजच विकाचा का ठेवाचा, ते तुम्ही पाहा. मी नाही सांगत."

आधी मी आंघोळ करून आले, मग बाबा आत गेले आणि दहा मिनिटांनी चाचांच्या साबणाच्या वासासकट ओल्या केसांनी आले. शर्टाची बटणं सगळी लावलेली होती. आजी मधल्या सीटवर चढल्या, गादी हातानं दाबून पाहिली आणि सुनेला म्हणाल्या, "माय, हे तर बाळंतिणीच्या खाटेसारखं आहे." मला मागच्या सीटवर जागा मिळाली. बाबांनी चावी फिरवली, आरसा नीट केला, दोन्हीकडे बघितलं, आणि गाडी बंद पडली.

चाचा ओट्यावर बसून फोम उलटा करत होते. त्यांनी वर बघितलं नाही. बाबांनी पुन्हा चावी फिरवली आणि या खेपेला गाडी निघाली.